इंग्रजीच्या वर्गात भाषा कुठं आहे?

(प्रस्तावना)

१

इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या पोराला किंवा पोरीला गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मग आता फाडफाड बोलाय येतं का?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याच्या लेखी इंग्रजी शिकणं म्हणजे इंग्रजी बोलता येणं. पंचाईत होते ती उत्तर देणाऱ्याची. तीन वर्षांत शेक्सपिअरचं नाटक, वर्ड्‌स्वर्थची कविता, इंग्रजी कादंबरीचा इतिहास, ॲरिस्टॉटलपासूनची समीक्षा असं बरंच काही त्याच्या वहीत उतरलेलं असतं. पण एखाद्या परक्या माणसानं विशाळगडचा रस्ता इंग्रजीत विचारला, तर दोन वाक्यं जुळवताना त्याला घाम फुटतो. गाव म्हणतं, याला काही येत नाही. हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागतं.

या गोंधळात तीन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्या आहेत. इंग्रजी येणं ही एक. इंग्रजी साहित्य जाणणं ही दुसरी. आणि इंग्रजी ही भाषा म्हणून कशी चालते, तिचे आवाज कसे घडतात, वाक्यं कशी बांधली जातात, कोण कुणाशी कसं बोलतं, हे तपासणं ही तिसरी. पहिलीसाठी स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. दुसरीसाठी विद्यापीठांचे अभ्यासक्रम आहेत. तिसरीच्या, म्हणजे भाषाविज्ञानाच्या, वाट्याला बहुतेक ठिकाणी एखादा पेपर येतो. तोही 'व्याख्या पाठ केल्या की सुटतो' अशा ख्यातीचा. गाईड आणायचं, आय.एम.पी. प्रश्नांवर खुणा करायच्या, परीक्षा झाली की विसरायचं. हे पुस्तक त्या तिसऱ्या गोष्टीची ओळख करून देण्यासाठी लिहिलं आहे.

ते कुणासाठी लिहिलं, हेही आधीच सांगितलेलं बरं. मलकापूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. एक बुलढाण्यात रेल्वेमार्गावर, एक कराडला खेटून. हे मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, शाहूवाडी तालुक्यातलं, एके काळी विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं. इथली, बांबवड्याची, वारणेच्या खोऱ्यातली, आंबा घाटाच्या माथ्यावरची मुलं मराठी माध्यमातून दहावी-बारावी होतात आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेल्या महाविद्यालयांत 'इंग्लिश स्पेशल' घेतात. कुणी आवडीनं घेतं, कुणी नोकरी लागेल म्हणून घेतं. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसतं. या मुलांना आपल्याकडं काय कमी आहे, याची यादी तोंडपाठ असते. आपल्याकडं काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भाषाविज्ञान नेमकं तेच सांगतं, अशी माझी खात्री आहे आणि या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या एका म्हणण्यावर उभा आहे.

२

इंग्रजीच्या वर्गातून भाषा कशी हरवली, याला इतिहास आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा इंग्रजी शिकणं म्हणजे इंग्रजी ग्रंथ वाचणं, त्यातून विचार आणि अभिरुची घेणं, अशी धारणा होती. भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाची वाट दुसरीकडून गेली. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली याच विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली. पण त्यांचा विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. म्हणजे भाषाविचार संस्कृतच्या खोलीत गेला आणि इंग्रजीच्या खोलीत साहित्य राहिलं. ही वाटणी पुढं इतकी अंगवळणी पडली की इंग्रजीचा प्राध्यापक म्हणजे कविता शिकवणारा, हे समीकरण आजही मोडलेलं नाही.

दरम्यान जगात भाषाविज्ञान हा विषय बदलत होता. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपानं आली आणि भाषेचा इतिहास बाजूला ठेवून आजची भाषा एक व्यवस्था म्हणून पाहता येते, हे त्यांतून ठसलं. १९५७ साली चॉम्स्कीचं छोटंसं पुस्तक आलं आणि वाक्यरचना हा विषयाचा गाभा झाला. आपल्याकडं पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं, ते भाषाविज्ञानाचं घरच बनलं. पन्नासच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीनं तिथं उन्हाळी वर्ग भरू लागले. देशभरचे तरुण प्राध्यापक येऊन क्षेत्रकार्य शिकू लागले : माणसासमोर बसायचं, तो बोलतो तसं टिपून घ्यायचं, मग नियम शोधायचा.

इंग्रजीच्या अध्यापनात भाषाविज्ञान आणण्याचा मोठा प्रयत्न हैदराबादला झाला. १९५८ साली तिथं इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. आजचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ ते हेच. तिच्या सुरुवातीच्या संचालकांपैकी वि. कृ. गोकाक. कन्नडचे थोर कवी म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे कोल्हापुरातही आता फार जणांना आठवत नाही. घरात कन्नड, अध्यापनाला इंग्रजी, काही वर्षं वास्तव्य मराठी मुलखात, असा माणूस देशाच्या इंग्रजी अध्यापनाचा विचार करायला बसला, हे या भागाच्या बहुभाषिक स्वभावाला धरूनच झालं.

३

आता विषयाच्या दारातून आत जाऊ. भाषाविज्ञानाच्या पहिल्या प्रकरणात आवाज येतात, आणि पहिल्याच प्रकरणात मराठी विद्यार्थी घाबरतो. पुस्तकात तोंडाचा उभा छेद काढलेला असतो : ओठ, दात, हिरडी, टाळू, पडजीभ, कंठ. शेजारी एक भलंमोठं कोष्टक असतं. आडव्या ओळीत आवाज कुठून निघतो ते, उभ्या ओळीत कसा निघतो ते. मुलं ते नवं संकट समजून पाठ करतात.

खरं तर हे कोष्टक त्यांनी पहिलीत म्हटलेलं असतं. क-ख-ग-घ-ङ कंठातून, च-छ-ज-झ-ञ टाळूवरून, ट-ठ-ड-ढ-ण जीभ मागं वळवून, त-थ-द-ध-न दातांवर, प-फ-ब-भ-म ओठांवर. आडवी ओळ म्हणजे जागा एकच आणि रीत बदलत जाणारी : आधी साधा, मग श्वास सोडून, मग कंठ थरथरवून पुन्हा त्याच दोन रीती, शेवटी नाकातून. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचं कोष्टक ओठांकडून कंठाकडं जातं, आपली वर्णमाला कंठाकडून ओठांकडं येते. मांडणीचं तत्त्व तेच. हा योगायोग नाही. १७८६ साली विल्यम जोन्सनं कलकत्त्यात संस्कृतची थोरवी सांगितल्यावर युरोपीय पंडित भारतीय व्याकरणकारांकडं वळले. भारतीय ध्वनिशास्त्रज्ञांशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ध्वनिविचाराची कल्पनाही करता येत नाही, असं जे. आर. फर्थ या लंडनच्या भाषाशास्त्रज्ञानं १९४६ साली मोकळेपणानं मान्य केलं. एबीसीडीला असा कुठलाही क्रम नाही. ए-नंतर बी का, याला उत्तर नाही. तेव्हा ध्वनिविज्ञानाच्या वर्गात मलकापूरचा विद्यार्थी लंडनच्या विद्यार्थ्याच्या एक पाऊल पुढं बसलेला असतो. फक्त ते त्याला ठाऊक नसतं.

अडचणी कुठं येतात, हेही याच कोष्टकातून कळतं. कागदाची एक पट्टी तोंडासमोर धरा. इंग्रज माणूस टाचणीला 'पिन' म्हणतो तेव्हा पट्टी हलते. 'स्पिन' म्हणतो तेव्हा हलत नाही. पहिल्या 'प'बरोबर श्वासाचा झोत येतो, 'स'नंतरच्या 'प'बरोबर येत नाही. इंग्रजाला हा फरक जाणवतच नाही, कारण त्याच्या भाषेत त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याकडं 'क' आणि 'ख', 'ट' आणि 'ठ' हे वेगळे वर्णच आहेत. आपला कान या झोताला पहिल्यापासून तयार आहे. पण शाळेत 'पी म्हणजे प' असं शिकवलं गेलं, म्हणून आपण दोन्हीकडं कोरडा 'प' वापरतो. परिणाम असा, की आपली 'पिन' इंग्रजाला कधी कधी 'बिन' ऐकू येते. उलट 'व'चं. इंग्रजीत दोन आवाज आहेत : एकात खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, दुसऱ्यात ओठांचा नुसता चंबू होतो. द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू हे दोन इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही 'वाइन'. इथं आपल्या भाषेनं एकच खण ठेवला आहे, म्हणून कान चुकतो. इंग्रजीचा 'टी' ना धड आपल्या 'त'च्या जागी, ना 'ट'च्या, तो हिरडीवर. आपण तो 'ट'च्या खणात टाकला आणि टेबल, डॉक्टर मराठी झाले.

या साऱ्याला मराठी माणसाची 'खराब इंग्रजी' म्हणणं सोपं आहे. अशोक केळकरांनी तसं म्हटलं नाही. पुणे विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. करून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९५७ साली 'वर्ड' या नियतकालिकात त्यांनी मराठी माणसाच्या इंग्रजीवर, परक्या उच्चाराचा अभ्यास म्हणून, स्वतंत्र निबंध लिहिला. चुकांची यादी करण्याऐवजी त्यांनी चुकांमागची शिस्त पाहिली : मराठीची ध्वनिव्यवस्था इंग्रजीला आपल्या साच्यात कशी बसवून घेते. पुढच्याच वर्षी मराठीच्या ध्वनी आणि रूपविचारावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. इंग्रजीचा विद्यार्थी इंग्रजीतूनच मराठीकडं कसा पोचतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

४

आवाजांनंतर वाक्य. 'मी भाकरी खातो' या वाक्यात क्रियापद 'मी'च्या मागं चालतं. 'मी भाकरी खाल्ली' म्हटलं की ते भाकरीच्या मागं जातं. भाकरीऐवजी आंबा असेल तर 'खाल्ला'. खाणारा तोच, तोंड तेच. काळ बदलला आणि क्रियापदानं धनी बदलला. इंग्रजीत असं कधीच होत नाही. भाषाविज्ञानात या रचनेला एर्गेटिव्ह म्हणतात आणि ती स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेतही सापडते. 'मला भूक लागली', 'मला ताप आला' या वाक्यांत आपण माणसाला कर्ता करत नाही. भूक लागते, ताप येतो, माणसाला फक्त ते होतं. इंग्रजीत माणूसच पुढं उभा राहतो. 'आम्ही जाणार' आणि 'आपण जाणार' यांत ऐकणाऱ्याला बरोबर घेतलं आहे की नाही ते कळतं. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच सर्वनाम पुरतं. तमिळ-तेलुगूत मात्र आपल्यासारखाच भेद आहे. इंग्रजी व्याकरण शिकताना असं मराठीशी ताडून पाहिलं, की इंग्रजीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते असे का आहेत आणि वेगळे कसे असू शकले असते, हे दिसू लागतं.

यापुढची पायरी प्रमाण मराठीच्याही खाली उतरते. कोल्हापूर भागात 'काय करतोयस?' असं फारसं कुणी विचारत नाही. 'काय कराय लागलाईस?' असं विचारतात; आणि घाईत ते 'काय करालाईस?' होतं. पुण्यामुंबईच्या नाटक-सिनेमांत हे रूप हशा मिळवण्यासाठी वापरतात. आता त्याकडं भाषाविज्ञानाच्या नजरेनं पाहा. 'लागणे' हे स्वतंत्र क्रियापद. त्याचा अर्थ आरंभ करणे. ते दुसऱ्या क्रियापदाला जोडलं गेलं, आरंभाचा अर्थ झिजला, 'क्रिया चालू आहे' एवढंच सांगण्याचं काम उरलं, आणि अर्थाबरोबर आवाजही झिजून ते प्रत्ययासारखं चिकटलं. इंग्रजीत 'गोइंग टू'चं नेमकं हेच झालं. चालत जाण्याचा अर्थ झिजला, भविष्याचा उरला, आणि बोलण्यात त्याचं 'गॉना' झालं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या प्रक्रियेचं हे इंग्रजी उदाहरण ठरलेलं असतं. आमच्या विद्यार्थ्याच्या तोंडात त्याच तोडीचं उदाहरण दिवसभर फिरत असतं आणि तो ते कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत येतो.

दुसरं उदाहरण बायकांच्या बोलण्याचं. या भागात कितीतरी बायका-मुली 'मी जातो', 'मी आलो' असं म्हणतात. पुस्तकी मराठीत तिथं 'जाते', 'आले' हवं. बाहेरचे हसतात, आणि मुलगी पुण्याला शिकायला गेली की पहिल्या महिन्यात हे रूप टाकून देते. भाषाविज्ञान विचारतं : प्रथमपुरुषी लिंगभेद लोपला कसा? शेजारच्या कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं. मग हा कानडीच्या सहवासाचा परिणाम म्हणायचा, की मराठीनं अंतर्गत सोय म्हणून केलेला बदल? उत्तर मतांनी ठरत नाही. कोणत्या गावात, कोणत्या वयाच्या, कोणत्या घरातल्या बायका कुणाशी बोलताना कोणतं रूप वापरतात, हे टिपून घ्यावं लागतं. हा विषय पदव्युत्तर प्रबंधाचा आहे आणि तो करायला साधन म्हणून वही आणि मोबाइल पुरतो.

हे मी उगाच मोठं करून सांगत नाही. आमच्या शेजारचं एक गाव जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवलं जातं. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे. साठच्या दशकात ते खेडं होतं आणि तिथं कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलींचा अभ्यास करून १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं : शब्द प्रत्येक भाषेचे आपापले राहिले, पण वाक्यांचे सांगाडे इतके जवळ आले की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. दोन निराळ्या भाषाकुलांच्या भाषा इतक्या मिसळू शकतात, हे जगाला कुपवाडनं दाखवलं. पुढं डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि त्या गाजलेल्या सिद्धांताची कठोर तपासणी केली. म्हणजे विषय संपलेला नाही. तो अजून चालू आहे, आणि तो एस.टी.नं जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

५

अशोक केळकर एकटे नव्हते. महाराष्ट्रात आधुनिक भाषाविचार उभा करणाऱ्यांची नावं घेतली तर इंग्रजीच्या वर्गातून आलेली माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. भालचंद्र नेमाड्यांनी डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानाचं आणि मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याचं एम.ए. केलं, नोकरीभर इंग्रजी शिकवलं, आणि इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम या विषयावर समाजभाषावैज्ञानिक आणि शैलीवैज्ञानिक अभ्यासाचा ग्रंथ लिहिला. तो १९९० साली आला.  रमेश धोंगडे यांनी इंग्रजी आणि मराठीतल्या काळ-अर्थांची तुलना केली आणि काशी वली यांच्याबरोबर मराठीचं व्याकरण इंग्रजीत लिहिलं. गणेश देवींचं इंग्रजीचं शिक्षण कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात झालं. बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक असताना ते आदिवासी भाषांकडं वळले आणि पुढं भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण त्यांच्या पुढाकारानं झालं. त्या सर्वेक्षणानं देशात ७८० भाषांची नोंद केली. आमच्याच विद्यापीठात इंग्रजी शिकलेला विद्यार्थी देशाच्या भाषा मोजायला निघाला, ही गोष्ट इंग्रजीच्या प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

या माणसांनी इंग्रजीकडं पाठ फिरवली नाही. इंग्रजीच्या अभ्यासानं त्यांना भाषेकडं त्रयस्थपणे पाहायला शिकवलं आणि तीच नजर त्यांनी घरच्या भाषांवर रोखली. आपल्या भाषेत आपण इतके बुडालेले असतो की तिचे नियम दिसत नाहीत. परक्या भाषेशी झगडावं लागतं तेव्हाच 'असं का?' हा प्रश्न पडतो. ज्याला इंग्रजी सहज येतं त्याला हा प्रश्न उशिरा पडतो. ज्याला कष्टानं येतं त्याला पहिल्या दिवशी पडतो. शास्त्राची सुरुवात प्रश्नातून होत असेल, तर कष्ट करणाऱ्याला इथं तोटा नाही.

६

इथं एक गैरसमज होण्याचा धोका आहे, तो आधीच दूर करतो. भाषाविज्ञान म्हणतं की प्रत्येक बोली नियमानं चालते. शुद्ध-अशुद्ध हा निवाडा समाजाचा असतो, भाषेचा नव्हे. 'आनि-पानी' म्हणणाऱ्याला महाराष्ट्रानं पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं; पण 'ण'च्या जागी 'न' येण्यात जिभेचा किंवा बुद्धीचा काही दोष नाही. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, महागड्या ते स्वस्त, विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंबद्दल विचारलं आणि 'र'चा उच्चार दुकानाच्या प्रतिष्ठेप्रमाणं बदलतो हे दाखवून दिलं. तसाच प्रयोग मलकापुरात भाजीबाजार, बँक आणि तहसील कचेरी इथं 'करालाय' आणि 'करतोय' या रूपांवर करता येईल. इंग्रजीच्या बाबतीतही तेच. ब्रज कचरू या काश्मिरी विद्वानानं इंग्रजी ही आता एका देशाची राहिलेली नाही, भारतीय इंग्रजीलाही स्वतःचं व्याकरण आणि मान आहे, असं ठामपणे मांडलं.

एवढ्यावरून कुणी असा अर्थ काढू नये की मग कसंही लिहिलं तरी चालतं. चालत नाही. परीक्षेत चालत नाही, मुलाखतीत चालत नाही, आणि या विषयाचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळं अभ्यासातही चालत नाही. बोलीला मान द्यायचा आणि प्रमाण इंग्रजी नेटानं कमवायची, ही दोन्ही कामं एकाच विद्यार्थ्याची आहेत. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीपासून असे. वर्षं वाढली, पण वाचन वाढलं नाही. रोज थोडं तरी इंग्रजी, गाईडबाहेरचं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय ही वाट सुरू होत नाही. भाषाविज्ञान कच्च्या इंग्रजीसाठी सबब पुरवत नाही. लाज काढून टाकतं, कष्ट नाही.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न घरचे विचारणार आणि तो विचारलाच पाहिजे. शिक्षकी आणि प्राध्यापकी आहे, पण जागा थोड्या आणि रांग लांब. नेट परीक्षेत इंग्रजी आणि भाषाविज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत. एम.ए.ला भाषाविज्ञान घ्यायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, हैदराबाद आणि दिल्लीची विद्यापीठं आहेत. म्हैसूरला १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. कोशरचना, भाषांतर, पाठ्यपुस्तकं, वाचादोषांवरचे उपचार ही कामं आहेत. यंत्रांना भारतीय भाषा शिकवण्याचं काम अलीकडं झपाट्यानं वाढलं आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त ते बरीच वर्षं चालू आहे. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ साली सुरू झाला. यंत्राला पुस्तकी मराठी लवकर येते. 'करालाईस' येत नाही. ते शिकवायला 'करालाईस' म्हणणारी आणि त्याचा नियम सांगू शकणारी माणसं लागतात. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी असलेली माणसं फार थोडी आहेत.

७

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रकरणं ध्वनी, शब्दरूप, वाक्य, अर्थ आणि समाज या क्रमानं आहेत. प्रत्येक प्रकरण मराठीच्या, शक्य तिथं या भागातल्या बोलीच्या उदाहरणानं सुरू होतं आणि तिथून इंग्रजीकडं जातं. परीक्षेत लागणाऱ्या व्याख्या प्रकरणाच्या शेवटी आहेत, सुरुवातीला नाहीत. आधी गोष्ट दिसावी, मग तिचं नाव कळावं, एवढाच हेतू. पारिभाषिक शब्द मराठीत दिले आहेत आणि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येणारे इंग्रजी शब्द देवनागरीत सोबत ठेवले आहेत. ज्यांना मराठीतूनच पुढं वाचायचं आहे त्यांनी ना. गो. कालेलकरांचं 'भाषा आणि संस्कृती' आणि मिलिंद मालशे यांचं 'आधुनिक भाषाविज्ञान : सिद्धान्त आणि उपयोजन' जरूर वाचावं. पहिल्यात विषयाची गोडी लागते, दुसऱ्यात शिस्त.

प्राध्यापकांना एक विनंती. हा पेपर व्याख्या लिहून देऊन संपवू नका. एका तासाला वर्गातल्या मुलांनाच बोलायला लावा. एक साखरप्याकडची, एक वारणाकाठची, एक घरात दखनी बोलणारी मुलगी असेल, तर तुमच्या वर्गात पाश्चात्त्य पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा जास्त ऐवज बसलेला आहे.

आणि विद्यार्थ्यांना एक काम. अ. मा. घाटगे यांनी १९६३ सालापासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकं काढली. कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा बोली त्यांत नोंदल्या गेल्या. अलीकडं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं आणि आवाजाच्या ध्वनिमुद्रणासह ते सर्वांसाठी खुलं केलं. पण गावोगावची बोली टिपायला बाहेरून येणारी माणसं कधीच पुरणार नाहीत. तेव्हा हे पुस्तक वाचून झाल्यावर तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्यांची परवानगी घेऊन त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपा, आणि ते जसं ऐकू येईल तसं, एक अक्षरही न सुधारता, लिहून काढा. वर नाव नको. फक्त गाव, वय आणि तारीख लिहा आणि त्याची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा. परीक्षेत याला गुण नाहीत. पण भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणवून घ्यायचं असेल तर पहिला धडा हाच आहे आणि तो तुम्हालाच लिहायचा आहे.

मलकापूर, ता. शाहूवाडी
जि. कोल्हापूर